एका टिंबाची हौस

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर मला ‘संगणक क्षेत्रातले जुने जाणकार’ म्हटलं. मी म्हटलं, “जुना आहे. बाकीचं चौकशी करून ठरवा.” त्यांना तो विनय वाटला. पुण्यात विनय इतका दुर्मीळ, की कोणी नुसतं खरं बोललं तरी लोकांना विनयाचा भास होतो. म्हणून आधीच खुलासा करून टाकतो. माझी सगळी नोकरी हडपसरच्या एका पंपांच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये गेली. नट, बोल्ट, वॉशर आणि गॅस्केट यांनी माझं पोट भरलं. संगणक ही माझी हौस. माझ्या पोटाने कधी कोणाला त्रास दिला नाही. हौशीबद्दल तसं म्हणता येत नाही, आणि हा लेख त्या हौशीबद्दलच आहे.

नव्वदीत देशाची दारं उघडली असं म्हणतात. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांचं दारही तेव्हा सताड उघडावं लागलं, कारण त्यातून एक भलामोठा खोका आत यायचा होता. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं वॉशिंग मशीन आलं. खोका फोडल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं, मागे जाऊन पाहिलं, आणि विचारलं, “धुणं कुठून घालायचं?” मी म्हटलं, “हा कॉम्प्युटर आहे.” ती म्हणाली, “म्हणजे धुणं मीच धुवायचं.” तिथे आमची संगणकावरची पहिली चर्चा संपली. पुढे तिने त्याच्यावर घालायला क्रोशाचं झाकण विणलं. ते मी सहिष्णुता समजलो. खरं म्हणजे तिला तो दिसायला नको होता.

ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगणक हा सांगकाम्या गडी. ‘दुधावर लक्ष ठेव’ म्हटलं, की दूध उतू जाताना तो अगदी लक्षपूर्वक पाहतो. मग गॅस बंद कर, हेही सांगावं लागतं. गॅस असला तर बंद कर आणि स्टोव्ह असला तर काय कर, हेही सांगावं लागतं. अशा हजार सूचना क्रमाने लिहिणं, म्हणजे प्रोग्राम लिहिणं. यात बुद्धी फारशी लागत नाही. पुढे काय काय बिघडू शकेल याची कल्पना करणारं कुजकं मन लागतं. पुण्यात ते सहज मिळावं. पण मी स्वभावाने आशावादी निघालो.

माझा पहिला प्रोग्राम गॅस सिलिंडरची आठवण करून द्यायचा. तो रोज करून द्यायचा, सिलिंडर आला त्या दिवशीसुद्धा. दुसरा संकष्टी सांगायचा. शेजारच्या गोगटे काकूंनी माझ्या भरवशावर पंचांग बघायचं सोडलं, दिवसभर उपास केला आणि रात्री गच्चीवर चंद्राची वाट पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, “अहो, तुमच्या यंत्रातला चंद्र उगवला की सांगा हं. आमचा परवाच उगवून गेला.” मी ओशाळलो. पण खरं सांगतो, ते ओशाळणं वरवरचं होतं. घरी चुकलं की घरातच हसायचं आणि मागच्या मागे दुरुस्त करायचं, अशी ती चूक. हौशी माणसाच्या चुकीला घराएवढाच आकार असतो, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं.

मग माझी चूक घराबाहेर पडली.

कारखान्यात माझा एक मित्र होता, कैलास मेश्राम. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून तो पुण्याला आला. तो आणि मी एकाच आठवड्यात कामाला लागलो. तो तपासणी विभागात होता. पंपाचा कुठलाही भाग त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. आम्ही डबा एकत्र खायचो. तिकडून येताना त्याने तिकडची बोली आणली आणि इथे आल्यावर इथला खवचटपणा उचलला. दोन्ही त्याच्या तोंडी एकत्र आले की आम्ही अस्सल पुणेकर गप्प बसायचो. मी संगणक घेतल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बरं झालं. आता तुमच्या चुका लवकर होतील.”

आम्हा दोघांच्या तुकडीला नोकरीत पंचवीस वर्षं झाली, त्या वर्षी व्यवस्थापनाने ठरवलं की पंचविशी पूर्ण केलेल्या सगळ्यांचा सत्कार करायचा. पाहुणे बोलवायचे, शाल द्यायची, घड्याळ द्यायचं. नव्या जमान्याचे वारे वाहत होते. लोकांना कामावरून कमी करायच्या आधी त्यांचा सत्कार करायचा, ही पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. पर्सोनेलच्या कुलकर्णी साहेबांची कल्पना अशी, की निमंत्रण कामगाराच्या हातात न देता पोस्टाने घरच्यांना पाठवायचं, म्हणजे घरचेही येतील. एरवी अशी पत्रं टायपिस्ट बाई लिहायच्या. त्या वर्षी मी मधे तोंड घातलं. “साहेब, मी मराठीत छापून देतो. प्रत्येकाच्या नावानिशी. संगणकावर.”

साहेब म्हणाले, “तुमचं काम?”

“स्टोअर्सचं सांभाळून. हौस म्हणून.”

त्यांनी होकार दिला. फुकटच्या कामाला नाही म्हणणारा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही.

आता जरा तांत्रिक. पूर्ण नाव एका ओळीत मावत नव्हतं, म्हणून मी आद्याक्षरं वापरायची ठरवली. आपल्याकडे ती थोरामोठ्यांची रीतच आहे. माणसाचं पूर्ण नाव काढून टाकलं की त्याचं वजन वाढतं. पहिल्या प्रयत्नात माझा प्रोग्राम नुसतं पहिलं व्यंजन उचलायचा. प्रकाशचं ‘प.’, विनायकचं ‘व.’, कैलासचं ‘क.’. मला ते अडाणीपणाचं वाटलं. विनायकचं ‘वि.’ व्हायला हवं, प्रकाशचं ‘प्र.’ व्हायला हवं. तेव्हाच्या संगणकाला जोडाक्षर आणि मात्रा म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली माणसं वाटायची. त्यांना एकत्र नांदवायला मी कित्येक संध्याकाळी घालवल्या. शेवटी जमलं. प्रकाशचं ‘प्र.’ झालं तेव्हा मी सुनंदाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “छान. आता कुकर बंद करा.”

आमच्या जनरल मॅनेजरचं नाव श्रीकांत. त्यांच्याही नावाचं पत्र निघालं, कारण त्यांनाही पंचवीस वर्षं झाली होती. त्यावर छापून आलं, ‘श्री. श्री. ग. दामले’. कुलकर्णी साहेब हसले आणि म्हणाले, “यांना मठात पाठवायचंय का?” मला ते लागलं. फक्त दामल्यांच्या पत्रातला ‘श्री.’ काढायचा तर प्रोग्राममध्ये एक जादा अट घालावी लागली असती. सगळ्यांचाच काढायचा तर एक ओळ पुसली की झालं. मी ओळ पुसली. सगळे ‘श्री’ गेले. सगळी पत्रं छापली, पाकिटं चिकटवली, पोस्टात टाकली आणि घरी येऊन साखर घालून दही खाल्लं.

मेश्रामच्या पत्रात काय छापलं गेलं ते आता सांगतो. मराठी वाचणाऱ्याला पुढचं समजावून सांगायची गरज नाही:

‘आमच्या कारखान्यातील कै. दे. मेश्राम यांनी पंचवीस वर्षे केलेल्या एकनिष्ठ सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी सभा आयोजित केली आहे. तरी कुटुंबीयांनी अवश्य उपस्थित राहावे.’

पूर्वीचं ते अडाणी ‘क.’ राहू दिलं असतं, तर काही झालं नसतं. पुढे ‘श्री.’ असता, तरी निभावलं असतं. मी दोन सुधारणा केल्या, आणि दोन्ही मिळून माणूस गेला. एवढ्यावर भागलं नाही. कारखान्याच्या नोंदीत प्रत्येकाचे दोन पत्ते असायचे, एक सध्याचा आणि एक मूळ गावचा. माझ्यासारख्यांचे दोन्ही पत्ते एकच, म्हणून चाचणीत सगळं व्यवस्थित दिसलं. प्रोग्राम दुसरा पत्ता उचलत होता. पत्र हडपसरला मेश्रामच्या खोलीवर न जाता भंडाऱ्याच्या पलीकडे त्याच्या आईकडे गेलं.

त्यानंतर काही दिवसांनी स्टोअर्समधला फोन वाजला. तपासणी विभागात फोन नव्हता, त्यांचेही निरोप माझ्याकडेच यायचे. लाइन खराब होती. लांबून कोणी तरी ओरडत होतं, “मेश्राम... कैलास मेश्राम... हायेत का जी?”

आता त्या आठवड्यात मेश्राम रजेवर होता. हडपसरच्या पलीकडे मांजरी गावात तो घर बांधत होता आणि स्लॅब पडायचा होता. तेव्हा मांजरीत उसाच्या मधोमध प्लॉट पडायला लागले होते. रजा पटकन मिळाली म्हणून स्वारी खुशीत होती. म्हणून मी आपलं सांगितलं, “मेश्राम? ते गेले हो.”

पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग, “कधी?”

“शुक्रवारी. मी समोरच होतो की.”

“तरास... तरास झाला का जी लय?”

मला वाटलं, रजा मिळायला त्रास झाला का विचारतोय. म्हटलं, “छे हो, कसला त्रास! हसत हसत गेले.”

खरखरीत एक आवाज आला, तो मी लाइनचा समजलो. मग तो माणूस म्हणाला, “आमी येतो.”

“या की! अवश्य या. मोठा कार्यक्रम आहे.”

आणि मी फोन ठेवला. चांगलं वागल्याचं समाधान होतं. परगावच्या माणसाशी पुणेकर इतका अघळपघळ बोलला, याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

घरून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. दुसऱ्याबद्दल बोलताना मात्र आपण बेधडक ‘गेले’ म्हणतो. त्या भाबड्या नियमामागे काही कारण असावं, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळलं.

पुढचं मेश्रामने मला सांगितलं. कामावर रुजू झाल्या दिवशी तो सरळ स्टोअर्समध्ये आला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि शांतपणे म्हणाला, “मृताच्या वतीने मी आलोय.”

मी हसलो. तो हसला नाही.

गावात पत्र आलं ते निवृत्त मास्तरांनी वाचलं. मास्तर शहाणा माणूस. ते म्हणाले, ‘दे.’ म्हणजे देवाजी, पण देवाजी तर, म्हणजे कैलासचे वडील, केव्हाच वारलेत आणि जन्मात कारखान्यात गेले नाहीत. मग कारखान्यातला कोण? खात्री करून घ्या. म्हणून कैलासचा धाकटा भाऊ सुरेश तालुक्याला जाऊन फोन करून आला. खात्री झाली.

आई आणि सुरेश गाडीने पुण्याला आले. दार मेश्रामच्या बायकोने, रंजनाने उघडलं. सासू दारातच तिच्या गळ्यात पडून आक्रोश करायला लागली. रंजनाला वाटलं, गावाकडे कोणी तरी वारलं. तीही रडायला लागली. दोघी एकमेकींना धरून रडताहेत, सुरेश भिंतीला टेकून रडतोय, आणि समोरचं माणूस कोणासाठी रडतंय हे एकालाही ठाऊक नाही. थोड्या वेळाने मेश्राम मांजरीहून परत आला. डोक्याला सिमेंट, हातात मेथीची जुडी.

“माय मला पाहून बोललीच नाही,” मेश्राम म्हणाला. “रडून रडून घसा गेलाय तिचा. तोंड उघडते, पण आवाज येत नाही. नुसती माझ्या डोक्यावरचं सिमेंट झटकत होती. झटकून झालं तरी झटकतच होती.”

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

“आणि ते ‘कै.’ कशाला?” तो म्हणाला. “माझ्या बापाने छप्पन्न साली दीक्षा घेतली. देव सोडले, देव्हारा सोडला. माझं नाव तेवढं आधीचं होतं, ते राहून गेलं. तुम्ही मला एका टिंबात परत कैलासावर नेऊन बसवलंत. आमच्यात ‘कालकथित’ म्हणतात. मारायचंच होतं तर नीट चौकशी करून मारायचं होतं.”

ही त्याची चेष्टा होती, आणि ती चेष्टाच होती म्हणून मला खाली बघावं लागलं. शिव्या दिल्या असत्या तर वर बघता आलं असतं.

पण खरी अडचण पुढेच होती. त्याची धाकटी बहीण वनिता हिचं लग्न जवळच्याच गावातल्या रामटेक्यांच्या घरी ठरत आलं होतं. सुपारी फुटायची बाकी होती. मृत्यूची बातमी पसरली आणि रामटेक्यांनी निरोप पाठवला, आता वर्षभर पुढे बघू. आता कैलास जिवंत असल्याचं कळवलं, तर त्यांचा उलटा निरोप आला. मरणाचं खोटं सांगून सोयरीक मोडायला निघाला होतात आणि आता माघार घेता, आम्ही काय पोरखेळ करतोय?

“मी गेलो तर म्हणतील, हाही त्यांच्यातलाच,” मेश्राम म्हणाला. “माय उद्या तुमच्याकडे यायचं म्हणतेय. तुम्हाला बघायला.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघे कसब्यात आमच्या घरी आले. आई बुटकी, काटकुळी, पांढऱ्या लुगड्यात. ते लुगडं नेसून ती गावाहून कशासाठी निघाली होती हे लक्षात आलं, आणि मी खुर्ची पुढे करायची सोडून तसाच उभा राहिलो. सुनंदाने तिला हाताला धरून बसवलं.

आईने क्रोशाच्या झाकणाकडे बोट दाखवलं. सुनंदाने झाकण काढलं. आईने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सुरेशच्या कानात काही कुजबुजली.

सुरेश खाकरून म्हणाला, “माय म्हनते, थोडं लक्ष द्याले पायजे होतं.”

आईने त्याच्या दंडावर फटका मारला आणि पुन्हा कुजबुजली. यावेळी बराच वेळ.

सुरेश म्हणाला, “माय म्हनते का, चूक सगळ्याईच्याच हातून होते...”

आणखी एक फटका. मेश्राम छताकडे पाहत म्हणाला, “सुरेश, जसं आहे तसं सांग ना. यांना सगळं नीट समजावून सांगावं लागतं.”

“दादा, आपल्या तोंडानं नाई बोलता येत मले थे,” सुरेश म्हणाला.

आयुष्यात शिव्या पुष्कळ खाल्ल्या. पण दुभाष्याने अडवून धरलेल्या शिव्या तेवढ्याच. त्या कशा असतील याचा अंदाज सुरेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून करायचा होता.

मी म्हटलं, “आई, मी आजच पत्र पाठवतो. कारखान्याच्या शिक्क्याचं. कैलास जिवंत आहे म्हणून. रामटेक्यांनाही पाठवतो.”

आई पुन्हा कुजबुजली. हे मात्र सुरेशने लगेच सांगितलं. “माय म्हनते, कागदानंच तर मारलं. आता कागद नोको. तूच चाल.”

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “जा. आणि तिथे कोणाबद्दलही ‘गेले’ म्हणू नका.”

गाडीत आई खिडकीशी बसली होती. कैलास तिला लागून, सुरेश त्याच्या पलीकडे, मी समोर. सबंध प्रवासात तिने कैलासच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. तो चहा आणायला उठला की तिला ते सोडावं लागे, आणि तो परत येईपर्यंत ती फलाटाकडे बघत राही. मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. काय वाचलं ते विचारू नका.

रामटेक्यांच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. रामटेके म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील. धोतर, बनियन आणि भारदस्त आवाज. गावातल्या नाटकमंडळीत ते राजाची कामं करतात, असं मला नंतर कळलं. आवाजावरून आधीच कळायला हवं होतं. त्यांनी कैलासला नखशिखांत पाहिलं, मग मला पाहिलं. त्यांचे दोन भाऊबंद ओट्यावर येऊन बसले. अंगणाच्या कडेला बायका जमल्या.

मी सगळं सांगितलं. आद्याक्षरं, मात्रा, दामल्यांचा ‘श्री’, दोन पत्ते, फोन. फोनपर्यंत आलो तेव्हा बायकांमध्ये कोणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ते संभाषण मला दोनदा सांगावं लागलं, कारण एका भाऊबंदाचा पहिल्यांदा विश्वास बसला नाही. “हसत हसत गेले, असं तुमीच बोल्ले?” मी म्हटलं, “मीच बोललो.”

रामटेक्यांनी विचारलं, “तुमी इंजिनेर हाव का?”

“नाही. मी स्टोअर्समध्ये आहे. नट-बोल्ट देतो.”

“मंग हे काम तुमाले कोनं सांगतलं?”

“कोणीच नाही.”

“मंग काऊन केलं?”

मी म्हटलं, “हौस म्हणून.”

हा शब्द मी पूर्वी शंभरदा अभिमानाने वापरला असेल. त्या अंगणात तो माझ्या तोंडातून निघाला आणि मलाच ऐकू आला. एका म्हातारीला मुलगा मेल्याचं कळवलं, का? हौस म्हणून. एका मुलीचं लग्न मोडायला आलं, कशामुळे? हौशीमुळे. पैसे घेऊन हे केलं असतं तर निदान धंद्यातली चूक म्हणता आली असती.

रामटेक्यांनी धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाले, “आमीबी हौसेनंच नाटक करतो साहेब. पदरचं घालून करतो. आमच्या नाटकातबी मानूस मरते. पन पडदा पडला का उठते अन् च्या पेते.” त्यांनी कैलासकडे हात केला. “तुमच्या हौसेले पडदाच नाई. हे मेलेलं मानूस भंडाऱ्यापावतर आलं.”

सॉफ्टवेअरवर मी पुढे बरंच काही वाचलं. आमच्या पेठेतल्या पोरांनी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या क्लासमध्ये धडे गिरवले, ती परदेशी गेली, मोठमोठ्या कंपन्यांची कामं करू लागली, आणि सुट्टीला आली की मला चाचणीचं शास्त्र समजावून सांगायची. पण रामटेक्यांच्या त्या वाक्यात जेवढं होतं तेवढं कोणीच सांगितलं नाही. आपण घरात बसून चार ओळी लिहितो, त्या कुठवर जातील हे आपल्याला दिसत नाही. जिथे त्या पोचतात तिथल्या माणसाला आपण दिसत नाही.

मग रामटेक्यांनी आतून चहा मागवला. कप कैलाससमोर ठेवून ते म्हणाले, “पेऊन दाखवा.” कैलासने बशीत ओतून फुर्रकन घोट घेतला. अंगण हसलं. सुपारीची बोलणी पुन्हा सुरू झाली. ती दोन्ही घरं बोलत होती, मी ओट्याच्या कडेला बसलो होतो. मला कोणी जा म्हटलं नाही आणि कोणी या म्हटलं नाही.

संध्याकाळी मेश्रामांच्या घरी आलो. अंगणात बाजेवर बसवलं. आत स्वयंपाक चालला होता. वनिता पाणी देऊन गेली. तिने माझ्याकडे पाहिलं ते एखाद्या अपघातातल्या गाडीकडे पाहावं तसं. समोर आई सुपात तांदूळ घेऊन पाखडत बसली होती. तिचा घसा जरासा मोकळा झाला होता, पण दिवसभरात ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

आणि तिथे, त्या बाजेवर बसल्या बसल्या, माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं. नाव ‘कै’ने सुरू होत असेल तर टिंब द्यायचं नाही, पूर्ण नाव लिहायचं. पण नुसतं ‘कै’ पुरायचं नाही. श्रीकांतचा ‘श्री’ आहे. सौरभ असला तर त्याची ‘सौ.’ होईल. कुमारची ‘कु.’ होईल, बापडा कुमारी होऊन बसेल. चिंतामण म्हातारा असला तरी ‘चि.’ होईल. या सगळ्यांची एक छोटी यादी करायची, आद्याक्षर काढायच्या आधी त्या यादीत पाहायचं, आणि सापडलं तर नाव तोडायचंच नाही. जेमतेम चार ओळी. जादा अट दामल्यांसाठी घातली नाही, ती इथे सगळ्यांसाठी एकदाच घालता येत होती. सुटसुटीत आणि सुंदर. अशी गोष्ट डोक्यात बसते तेव्हा जो आनंद होतो तो ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. दिवसभराची लाज त्या आनंदाच्या मागे कुठे गेली, मला कळलं नाही. या सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या दोन मिनिटांची.

सूप थांबलं होतं. आई माझ्याकडे बघत होती.

“काऊन हासून रायला बाबू?” तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

मी सावरायच्या आत खरं बोलून गेलो. “आई, चूक सापडली.”

“सापडली?” ती म्हणाली. “थे त माह्याच घरी आल्ती. पोस्टानं.”

आणि तिने पुन्हा तांदूळ पाखडायला घेतले.